उजव्या कुशीची भिंत

मामीच्या डोळ्याचं पहिलं ऑपरेशन फुकट गेलं, त्याचा दोष मामाने भिंतीला दिला. डॉक्टरांना नाही, नशिबाला नाही, मामीला तर नाहीच नाही. झोपायच्या खोलीत पलंगालगत जी भिंत होती, फिकट हिरवा ऑइलपेंट दिलेली, तिला. येता-जाता तो तिच्याकडे असा बघायचा, जणू ती भाड्याने राहायला आली आहे आणि निघायचं नावच घेत नाही.

मी तेव्हा पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन, नोकरीच्या उत्तराची वाट बघत त्यांच्याकडे राहायला आले होते. मामाचं म्हणणं मला आधी हसण्यावारी न्यावंसं वाटलं. मग मामीने स्वतः मला सगळं नीट सांगितलं, आणि मामा अगदीच चुकत नव्हता हे पटलं.

मामीच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. उजवा डोळा लहानपणापासूनच अधू, त्याने उजेड आणि फार तर समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं. म्हणजे पाहणारा डोळा एकच, आणि नेमका तोच गेला होता. सुटलेला पडदा जागेवर बसवतात तेव्हा डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडतात. बुडबुडा वर चढतो आणि पडदा दाबून धरतो. फाटलेली जागा वरच्या बाजूला राहील असं डोकं ठेवलं तरच तो योग्य ठिकाणी दाबतो, म्हणून डॉक्टर सांगतील त्या कुशीवर पडून राहायचं. मामीसाठी ती कूस उजवी होती. पलंगावर उजव्या कुशीला वळलं की तोंड भिंतीकडे.

पहिल्या खेपेला तिने मनापासून प्रयत्न केला होता. पण मामी शाळेत भूगोल शिकवते, वर्षानुवर्षं फळ्यापुढे उभी राहिलेली बाई. दोन मिनिटं एका जागी बसली तर घरातले विचारतात, बरं वाटत नाही का. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्यापुढे नुसतं फिकट काहीतरी, आणि हात लावला तर बोटांना धरायला काही नाही. झोपेतून जाग आली की आपलं तोंड कुठे आहे तेच तिला कळायचं नाही. पाण्यात तरंगतोय असं वाटायचं, जीव घाबरा व्हायचा आणि ती उताणी व्हायची. बुडबुडा सरकायचा. पडदा पुन्हा सुटला. पलंग फिरवून तोंड खोलीकडे करून पाहिलं, तर पलंगावरून पडायची भीती. डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन ठरवलं आणि तेव्हाच स्पष्ट सांगितलं की यानंतर हातात फारसं काही उरणार नाही.

मामी त्यावर घरी येऊन एकच वाक्य बोलली. "ती भिंत बदला, म्हणजे मी पडून राहीन."

भिंत बदलायची म्हणजे काय करायचं, यावर मामाचे चार दिवस फार वाईट गेले. रंग बदलून बघू म्हणाला, तिने मान हलवली. भिंतीवर कापडाचा पडदा लावू म्हणाला, तीही कल्पना बारगळली. शेवटी आम्ही तिघं घराच्या सजावटीच्या एका दुकानात गेलो. तिथे नमुन्यांच्या जाडजूड वह्या होत्या, कागदांचे, कापडांचे, फुलाफुलांचे. मामा प्रत्येक पान उजेडात धरून बघत होता. मामी खुर्चीत बसली होती, डोळे मिटलेले, हात वहीवर. ती दमली आहे असं मला वाटलं. एका पानावर तिचा हात थांबला. मागे गेला, पुढे आला, पुन्हा थांबला.

"हा," ती म्हणाली.

तो गवताचा वॉलपेपर होता. वाळलेल्या गवताचे लांब धागे आडवे, एकाखाली एक लावलेले, बारीक सुताने विणून मागे कागदाला चिकटवलेले. गवताची काडी काही भिंतीइतकी लांब नसते, म्हणून एक काडी संपली की तिला गाठ मारून दुसरी जोडलेली. त्यामुळे सगळ्या कागदावर बारीक गाठी विखुरलेल्या होत्या, कुठे जवळ, कुठे लांब, कशाचाही नियम नसलेल्या. मामाने बोट फिरवलं आणि म्हणाला, रस्ता चांगला आहे पण गतिरोधक फार आहेत. मग त्याने रंग कोणता हवा विचारलं, वाळूसारखा की मधासारखा. मामी म्हणाली, रंग तुम्हीच बघा.

मामा गाडी शिकवतो. त्याच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक आहे, आणि इतकी वर्षं तो त्याच ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे आता घरीही त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जातो. कुणी चहा कपात जरा जोरात ओतला की पाय दाबला. टीव्हीवर कुणी जिन्यावरून घसरलं की पाय दाबला. त्याचे विद्यार्थी त्याला पाठीमागे हाफक्लच म्हणतात, हे त्याला माहीत आहे. मामी चिडली की तीही म्हणते.

दुकानदार म्हणाला, आमचा माणूस येऊन लावून देईल. मामाने नको सांगितलं. बाहेर आल्यावर मी कारण विचारलं, तेव्हा गाडीचं दार उघडता उघडता म्हणाला की मागच्या वेळी मी दवाखान्याच्या बाकावर बसून राहण्यापलीकडे काहीच केलं नव्हतं. या वेळी निदान हात तरी चालवू दे.

मामी दवाखान्यात दाखल झाली, तिथे तिची कूस नर्स सांभाळणार होत्या, आणि आम्ही भिंत हातात घेतली. ती घरी येईपर्यंत सगळं लागून, वाळून, वास जाऊन तयार हवं होतं. नाहीतर तिला पुन्हा त्याच हिरव्या भिंतीकडे तोंड करून झोपवावं लागलं असतं.

ऑइलपेंटवर खळ धरत नाही. म्हणून आधी संपूर्ण भिंत पॉलिश पेपरने घासली. खोली हिरव्या धुळीने भरली, आमच्या भुवयासुद्धा. मामा तोंडाला रुमाल बांधून घासत होता आणि ते घासणं मात्र त्याच्या शिकवण्यासारखंच होतं, एकसारखं, घाई नाही, वरून खाली. जिथे खिळ्यांची भोकं होती तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासली, मग प्रायमरचा हात दिला. तो वाळल्यावर भिंत पहिल्यांदा खरोखर कोरी दिसली.

मग मी ओळंबा सोडला. दोरीला लोंबणारं ते वजन हेलकावे घेत घेत थांबलं तेव्हा कळलं की खोलीचा कोपरा सरळ नाहीच, वरपासून खालपर्यंत बोटभर कललेला आहे. मामाला ते मनाला लागलं. इतकी वर्षं या घरात राहतोय, कधी बोलला नाही कोपरा, असं म्हणाला. कोपऱ्याच्या भरवशावर पहिला पट्टा लावला असता तर सगळी भिंतच तिरपी दिसली असती, म्हणून आम्ही ओळंब्याच्या रेषेवर पेन्सिल ओढली आणि तिथून सुरुवात केली. आडवं बघायला मी लेव्हल आणली होती. तिच्यातला बुडबुडा मधोमध येऊन थांबला की मामा जरा वेळ तिच्याकडे बघत राहायचा. एकदा म्हणाला, "शास्त्रज्ञ, हा किती शहाणा आहे बघ. जागेवरून हलत नाही." त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

गवताच्या कागदाची एक खोड आहे. छापलेल्या कागदाचा नक्षीला नक्षी जुळवून सांधा लपवता येतो. इथे नक्षीच नाही, आणि गवत हे गवत असल्यामुळे एका रोलच्या एका कडेला रंग गडद तर दुसऱ्या कडेला फिका. दोन पट्टे शेजारी आले की गडद कडेला फिकी कड भिडते आणि खिडकीच्या उजेडात ते ठळक दिसतं. मी सगळे पट्टे जमिनीवर मांडले, दिवा वेगवेगळ्या बाजूंनी धरून बघितला. एकाआड एक पट्टा उलटा लावला, म्हणजे वरचं टोक खाली केलं, तर गडदाशेजारी गडद आणि फिक्याशेजारी फिकं येतं. पट्ट्यांच्या पाठीवर पेन्सिलीने आकडा आणि बाण काढून ठेवले. मामा कमरेवर हात ठेवून बघत होता. त्याने माझं कौतुक केलं नाही, पण दुपारी शेजारच्या काकांना फोनवर सांगताना ऐकलं की आमच्याकडे डोकं चालवणारं माणूस आलेलं आहे.

पहिला पट्टा आम्ही वाया घालवला. खळ पाठीला लावायची, मग पट्टा खळ आत घेऊन हलकेच स्वतःवर दुमडायचा आणि कागद ओल पिऊन फुगेपर्यंत ठेवायचा. फुगल्याशिवाय लावला तर तो भिंतीवर फुगतो आणि पोट सुटल्यासारखा दिसतो. एवढं मला ठाऊक होतं. पण दुमडताना मामाने जरा जास्त दाबलं, कडेने खळ बाहेर आली आणि गवतावर सांडली. ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर डाग आणखी पसरला. गवतावर पडलेला खळीचा डाग जात नाही, पांढरा पडून वाळतो. मामाचा पाय तीनदा दाबला गेला. पट्टा आम्ही गुंडाळून कपाटामागे उभा केला आणि दुसरा घेतला. जास्तीचा एक रोल घेऊन ठेवला होता, म्हणून निभावलं.

त्यानंतर मामा जो काम करायला लागला ते बघण्यासारखं होतं. मला त्याच्या हातांबद्दल आजवर काही माहीतच नव्हतं. दुसऱ्याच्या हातांकडे लक्ष ठेवणं हाच त्याचा धंदा, त्याचे स्वतःचे हात नेहमी मांडीवर. आता तो शिडीवर चढून पट्ट्याचं टोक रेषेवर ठेवायचा आणि म्हणायचा, "सोड हळूहळू, सोड, सोड, बास." खालचं टोक माझ्या हातात. मऊ ब्रशने मधून कडेकडे हवा काढायचा, कधीही उलट नाही. छताजवळ जास्तीचं कापताना प्रत्येक पट्ट्याला कटरचं नवं पातं मोडून घ्यायचा, कारण बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, ओढलं जातं. सांध्यावर लोखंडी रोलर फिरवायला मी निघाले होते. त्याने माझा हात धरला, रोलर बाजूला ठेवला आणि नुसत्या अंगठ्याच्या फुगीर भागाने सांधा दाबत दाबत खाली आला, गुडघ्यावर बसून अगदी जमिनीपर्यंत. रोलरने गवत चपटं होईल, त्याचा गवतपणा जाईल, असं म्हणाला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, मलाही ठाऊक नव्हतं. तो फक्त त्या गवताकडे फार नीट बघत होता.

शेवटचा पट्टा लागला आणि आम्ही दाराशी जाऊन उभे राहिलो. मधाचा रंग, संध्याकाळचा तिरपा उजेड, आणि सांधे शोधले तरच सापडतील असे. मामा बराच वेळ दारातच थांबला. मग त्याने पलंग जागेवर सरकवला आणि अचानक त्यावर जाऊन आडवा झाला. उजव्या कुशीवर, मामीसारखा.

डोळे मिटून त्याने डावा हात भिंतीवर ठेवला, फिरवला आणि झटकन मागे घेतला. बोटाच्या पेरावर बारीक ओरखडा उठला होता. एका गाठीचं टोक टोचलं होतं.

"हे तिला टोचणार," तो म्हणाला. "झोपेत हात लागेल. दचकून उताणी होईल."

मला ते तंतोतंत पटलं. उलट मी त्यात भर घातली की गाठींच्या टोकांत धूळ अडकते आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ धूळ नको. मामाने मामीच्या ड्रॉवरमधून नखं कापायची छोटी बाकदार कात्री काढली. पलंगावर आडवा पडून, मामीचा हात जिथवर पोचेल असं त्याला वाटलं तिथवरची एकेक गाठ त्याने शोधली आणि कापली. गाठ कापली तरी धागा मागून चिकटलेला असतो, सुटत नाही, फक्त उंचवटा जातो. ते काम त्याने दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवलं आणि दुपार त्यातच गेली. कापून झालं की ओठ मिटून तिथे फुंकर मारायचा, तळवा फिरवायचा, पुढची गाठ शोधायचा. शेवटी मला बोलावलं. मी हात फिरवून बघितला. एकही गाठ लागली नाही. आम्ही दोघंही इतके खूश होतो की संध्याकाळी चहा जरा जास्तच झाला.

मामी घरी आली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी आणि त्यावर प्लास्टिकची वाटी होती. मामाने तिला गाडीतून असं उतरवलं, जणू ती काठोकाठ भरलेली आहे. दारातून आत येता येताच ती म्हणाली, आता माझ्या डोळ्यात लेव्हल बसवलेली आहे, तेव्हा मला तिरपं काही सांगू नका. आम्ही तिला पलंगावर नेलं. ती उजव्या कुशीवर वळली, उशी नीट केली, आणि डावा हात भिंतीवर ठेवला.

हात फिरला. मागे गेला, पुढे आला. पुन्हा मागे गेला. मामा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, परीक्षेला गाडी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यासारखा.

"छान झालंय," मामी म्हणाली. "मऊ लागतंय."

त्याला तेवढंच ऐकायचं होतं. तो स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ उगाच भांडी लावत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ वाचत बसले होते, मामा खुर्चीत पेंगत होता. मामी झोपेत होती. एकदम तिचा श्वास बदलला, हात भिंतीवर भराभरा फिरला, आणि ती वळली. उताणी. मामाचा पाय इतक्या जोरात दाबला गेला की खुर्ची मागे सरकली. आम्ही दोघांनी तिला पुन्हा कुशीवर घेतलं. ती पूर्ण जागी झाली होती आणि तिला घाम फुटला होता.

"सापडलं नाही," ती म्हणाली.

काय सापडलं नाही, मी विचारलं.

भिंतीकडेच तोंड ठेवून तिने सांगितलं. दुकानात तिने तो कागद पाहिलाच नव्हता. डोळे मिटून एकेक नमुना हाताने तपासला होता. आडव्या धाग्यावर बोट ठेवलं आणि गाठ लागली, पुढे गेली तर आणखी एक, मग बराच मोकळा भाग, मग लागोपाठ दोन. वर्गात मुलांना नदी शिकवते तसं तिला ते वाटलं, उगमापासून निघायचं आणि वाटेतली गावं मोजत जायचं. धाग्यावर बोट असलं की डोकं कोणत्या बाजूला आणि पाय कोणत्या बाजूला हे झोपेतही कळेल. गाठ लागली की समजेल, आपण इथे आहोत. एवढ्या भरवशावर तिने डॉक्टरांना सांगितलं होतं की या वेळी मी हलणार नाही.

"पण माझा हात पोचतो तिथे सगळं सपाट आहे," ती म्हणाली. "वर ताणला तर लागतात गाठी. हा तोच कागद आहे ना?"

मी मामाकडे बघितलं. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं. दुकानदारावर ढकलता आलं असतं. कागद असाच असतो म्हणता आलं असतं, तिला दिसत नव्हतंच. मी मनात तशी दोन वाक्यं तयारही केली होती.

"तोच आहे," मामा म्हणाला. "गाठी मी कापल्या."

"सगळ्या?"

"तुझा हात पोचेल तेवढ्या. तुला टोचतील म्हणून."

मला वाटलं आता ती रडणार, आणि रडणं डोळ्याला चांगलं नव्हतं. तिचे खांदे हलायला लागले. मग कळलं की ती हसते आहे, डोकं न हलवता, फक्त खांद्यांनी, कारण तेवढंच तिला परवानगीत बसत होतं.

"माप मात्र अगदी बरोबर घेतलंत," ती म्हणाली.

पण हसून काम भागणार नव्हतं. डॉक्टर सांगतील तोवर तिला त्याच कुशीवर राहायचं होतं आणि एकदा ती उताणी झाली होती. मी म्हटलं, तो पट्टा काढून नवीन लावू. बोलतानाच मला माझी चूक दिसली. पट्टा ओला करून खरवडायचा, धूळ, खळ, आणि पलंग हलवायचा म्हणजे मामीला हलवायचं. पलंग भिंतीलगत पुढे सरकवला तर कपाट आडवं येत होतं. मी विज्ञानाच्या भाषेत आणखी दोन उपाय मांडले. मामा ऐकत नव्हता. तो कपाटामागे वाकला होता.

त्याने तो वाया गेलेला, डाग पडलेला पट्टा बाहेर काढला. खिडकीशी बसून एका कडेचं सूत उसवलं आणि गवताचा एक लांब धागा सोडवून घेतला. मग आणखी एक. धागे त्याने वाटीत पाण्यात भिजत घातले, म्हणजे वाकवताना मोडणार नाहीत. मामीच्या शिवणाच्या डब्यातली एक सुई पकडीत धरून बाकदार केली. मग पलंगाच्या कडेला, मामीच्या पाठीशी गुडघे टेकून, तिच्या अंगावरून पलीकडे वाकला आणि सुई भिंतीवरच्या एका धाग्याखालून अलगद घातली. विणलेला धागा सुतासुताच्या मध्ये जरासा उचलला जातो. त्याखालून भिजवलेलं गवत ओवलं, गाठ मारली, टोकं कापली, आणि टोचतंय का ते स्वतःच्या गालाने बघितलं.

"लागली?" त्याने विचारलं.

मामीचं बोट धाग्यावरून आलं आणि गाठीवर थांबलं. "लागली. पण ही इथे नको."

"मग कुठे?"

"पुढे."

"पुढे म्हणजे उशीकडे की पायाकडे?"

"अहो, शिकाऊ माणसाला तुम्ही असं विचारता का? उगमाकडे. उशीकडे. चला. हळू. अजून. बास."

मामा तिथेच थांबला. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी बास म्हटल्यावर थांबताना पाहिलं. एरवी तो शब्द त्याचा असतो.

मग दुपारभर ती सांगत गेली आणि तो बांधत गेला. तोंड जिथे येतं तिथे एक गाठ, तिला तिने घर म्हटलं. तिथून वितीवर लागोपाठ दोन, म्हणजे तिथूनच हात पाठीमागे नेला की तिपाईवरची पाण्याची बाटली. आणखी खालच्या धाग्यावर एक मोठी, दिव्याच्या बटणाची खूण. मध्येच एक ठिकाण तिने उगाच रिकामं ठेवायला सांगितलं. का, तर नदीला थोडं वाळवंटही असावं. मामा म्हणाला, भूगोलात वाळवंटातून नदी जाते का. मामी म्हणाली, जाते, तुम्ही शाळेत लक्ष दिलं असतं तर ठाऊक असतं. मी वाटीतले धागे एकेक करून देत होते. सुई मामाच्या अंगठ्याला दोनदा लागली. त्याने फक्त अंगठा पँटला पुसला.

त्या गाठी काही सुंदर नव्हत्या. दुकानातल्या गाठी कुणा सराईत हाताने बांधलेल्या, एकसारख्या बारीक. मामाच्या गाठी कुठे मोठ्या, कुठे एकीवर एक, रंगानेही जरा वेगळ्या, कारण तो पट्टा निराळ्या छटेचा होता. मी दिवा धरून जुळवलेल्या सगळ्या छटांच्या मधोमध त्या उठून दिसत होत्या. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होते ते बांधणाऱ्याच्या धीरासाठी, आणि सांगणारीच्या. डोळ्यावर पट्टी, पाठीला घाम, दृष्टी टांगणीला लागलेली, आणि ती बाई वाळवंट मागत होती.

मामी त्यानंतर उताणी झाली नाही. झोपेत तिचा श्वास बदलायचा, हात भिंतीवर यायचा, बोट धाग्यावरून सरकायचं आणि घराच्या गाठीवर थांबायचं. मग श्वास पुन्हा संथ. मामा खुर्चीतून हे बघायचा. पहिल्या एक-दोन दिवसांत बोट सरकायला लागलं की त्याचा पाय उचलला जायचा आणि थांबलं की हळूच खाली यायचा. पुढे पुढे तो नुसताच बसून राहायला लागला, दोन्ही पाय जमिनीवर सपाट.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ बघितलं. पडदा जागेवर होता, छान चिकटला होता. बुडबुडा लहान होत चालला होता, काही दिवसांत विरून जाईल म्हणाले. मागच्या वेळची हकीकत त्यांना आठवत होती, म्हणून त्यांनी विचारलं की या वेळी एवढं पडून राहणं कसं जमलं.

मामीने मामाकडे बोट दाखवलं. "यांनी रस्त्यावर गतिरोधक बसवून दिले."

मामाने खाली मान घालून टोपी हातात फिरवली. आधी उखडले होते, तेही मीच, असं तो पुटपुटला, पण ते फक्त मला ऐकू आलं.

घरी आल्यावर मामी सरळ झोपायच्या खोलीत गेली. बुडबुड्याची कड अजून तिच्या नजरेत खाली हलत होती, पण वरच्या बाजूने तिला दिसायला लागलं होतं. ती दारात उभी राहिली, जिथे आम्ही उभे राहिलो होतो, आणि भिंत पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. मी वाट बघत होते की सांध्यांबद्दल काही बोलेल. मामाही बघत असावा.

"मधाचा घेतलात होय," ती म्हणाली. "मला इतके दिवस वाळूचाच वाटत होता."

मग ती पलंगावर बसली, डोळे मिटले, आणि हाताने भिंतीवरचं घर शोधलं.